कानाचं मशीन नीट बसवायचं कसं

‘टोचतं’, ‘शिट्टी मारतं’, ‘आवाजच येत नाही’ अशा तक्रारी घेऊन माणसं आली की मी मशीन तपासायच्या आधी त्यांना ते माझ्यासमोर घालायला सांगते. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. कानात बसणारा मोल्ड अर्धाच आत गेलेला असतो, त्याचं वरचं टोक कानाच्या घडीबाहेर लोंबत असतं आणि दोष मात्र मशीनला लागलेला असतो. हजारो रुपये मोजून घेतलेलं यंत्र मग डबीत घालून कपाटात जातं. खरेदीच्या दिवशी तपासणीला वेळ मिळतो, सेटिंगला मिळतो, बिलालाही मिळतो. कानात बसवायची वेळ आली की देणारा माणूस स्वतःच्या सफाईदार हाताने ते बसवून देतो, आणि घरी गेल्यावर तो हात सोबत नसतो.

ही कृती प्रामुख्याने कानामागे बसणाऱ्या, नळी आणि मोल्ड असलेल्या मशीनची आहे, कारण आपल्याकडे ज्येष्ठांच्या कानावर ते सर्रास दिसतं आणि बसवायला तेच सगळ्यांत अवघड जातं. तारेच्या आणि पूर्ण कानात बसणाऱ्या मशीनबद्दल पुढे थोडक्यात लिहिलं आहे.

शिकताना एक गोष्ट पाळा. ज्याच्या कानाला मशीन लागलं आहे, त्यानेच ते हातात धरायचं. मुलाने, सुनेने शेजारी बसावं, सांगावं, पण हात लावू नये. रोज सकाळी सून मशीन घालून देते त्या घरात सून माहेरी गेली की सासूबाई चार दिवस बहिऱ्या होतात. हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की या बाबतीत मी हटूनच बसते.

आधीची तयारी

खुर्चीत टेबलासमोर बसा. समोर आरसा, भरपूर उजेड आणि टेबलावर जाड टॉवेल अंथरलेला असू द्या. मशीन हातातून निसटणारच, ते फरशीवर आपटण्याऐवजी टॉवेलवर पडलेलं बरं. हात साबणाने धुवून कोरडे करा. बोटाला तेल किंवा क्रीम असेल तर मोल्ड निसटतो, शिवाय तो चिकटपणा मायक्रोफोनच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतो. कवळी वापरत असाल तर ती आधी बसवा. कवळी असताना आणि नसताना जबड्याची ठेवण बदलते आणि तिच्याबरोबर कानाच्या नळीचा आकारही थोडा बदलतो. मोल्डचं माप देतानाही कवळी तोंडात हवी, हे त्याच कारणाने.

आता डावं-उजवं. मशीनवर किंवा मोल्डवर लाल खूण असेल तर ते उजव्या कानाचं, निळी असेल तर डाव्या कानाचं. हा संकेत सगळीकडे सारखा आहे. खूण बारीक असते आणि वय झाल्यावर निळा-काळा फरक कळत नाही, म्हणून दोन मशीनं असतील तर उजव्यावर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका देऊन घ्या. मायक्रोफोनची छिद्रं तेवढी सांभाळा.

मोल्ड टॉवेलवर ठेवून एकदा नीट बघा. त्याचे तीन भाग लक्षात ठेवायचे. एक, कानाच्या भोकात जाणारं लांबट टोक. त्याच्या तोंडाशी छिद्र असतं, तिथूनच आवाज बाहेर पडतो. दोन, कानाच्या खोलगट भागात भरून बसणारा मधला भाग. तीन, वरच्या बाजूचं छोटं टोक, जे कानाच्या वरच्या घडीखाली अडकतं. हे तिसरं टोक सगळे विसरतात, आणि निम्म्या तक्रारी तिथूनच उगवतात. काही मोल्डना हे टोक ठेवलेलंच नसतं. तुमच्या मोल्डला ते आहे की नाही, हे आजच पाहून ठेवा.

आवाजाच्या छिद्रात मळ दिसला तर मशीनसोबत मिळालेल्या तारेच्या वेटोळ्याने किंवा कोरड्या मऊ ब्रशने काढा. ब्रश करताना छिद्र जमिनीकडे धरा, म्हणजे मळ बाहेर पडतो. वर धरलं तर तो आणखी आत जातो. टाचणी, सेफ्टीपिन, काडेपेटीची काडी यांतलं काहीही घालू नका.

सेल

सेलच्या पाकिटाचा रंग लक्षात ठेवा: पिवळा म्हणजे 10 नंबर, तपकिरी 312, नारिंगी 13, निळा 675. दुकानात नंबर आठवला नाही तरी रंग सांगता येतो. हे जस्त-हवेचे सेल असतात. वरचा स्टिकर काढला की बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो. त्यामुळे स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटं सेल तसाच टॉवेलवर ठेवा, मग कप्प्यात घाला. घाई केली तर तो पूर्ण ताकदीने चालत नाही. स्टिकर परत चिकटवल्याने सेल वाचतही नाही, म्हणून लागेल तेव्हाच काढा. छिद्रांची सपाट बाजू ही अधिकची बाजू, आणि कप्प्यावरही अधिकची खूण असते. कप्पा हलक्या दाबाने बंद झाला पाहिजे. जोर लावावा लागला तर सेल उलटा बसला आहे.

सेल गोळ्यांच्या डबीत कधीही ठेवू नका. आकाराने तो गोळीसारखाच असतो, आणि वयस्कर माणसांनी गोळी समजून सेल गिळल्याचे प्रकार घडतात. नातवंडांच्या हातीही लागता कामा नये. कोणीही सेल गिळला तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

मोल्ड बसवताना मशीन बंद असलं तर शिट्टीचा त्रास होत नाही. सेलचा कप्पा किंचित उघडा ठेवला की मशीन बंद. हात थरथरत असतील आणि कानामागे कप्पा बंद करणं जमत नसेल, तर ऑडिओलॉजिस्टला सांगून मशीन काही सेकंद उशिरा सुरू होईल असं सेट करून घ्या. डिजिटल मशीनमध्ये बहुधा ही सोय असते.

मोल्ड कानात

कानाची नळी सरळ नसते. मोठ्या माणसात ती साधारण अडीच सेंटीमीटर लांब आणि थोडी नागमोडी असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, लवचिक. आतला भाग हाडाचा, आणि तिथली त्वचा अगदी पातळ. मोल्ड वाकडा शिरला की त्याचं टोक या नाजूक भिंतीला खुपतं. म्हणून ताकद लावायची नाही, दिशा सांभाळायची. उजव्या कानासाठी सांगते. डाव्यासाठी हात उलटे समजा.

1. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांत मोल्ड धरा, नळी जिथे मोल्डमध्ये शिरते त्या जागी. मशीन नळीच्या टोकाला लोंबू द्या किंवा बाकीच्या बोटांत सांभाळा. धरायची जागा मोल्ड आहे, नळी नाही.

2. मोल्डचं लांबट टोक कानाच्या भोकाकडे असावं आणि वरचं छोटं टोक थोडं पुढे, चेहऱ्याच्या बाजूला कललेलं असावं.

3. डावा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन उजव्या कानाचा वरचा भाग धरा आणि हलकेच वर आणि मागे ओढा. नळी सरळ होते. (तान्ह्या मुलांच्या बाबतीत कान मागे आणि खाली ओढतात.)

4. लांबट टोक भोकात सरकवा. ते आत गेल्यावर मोल्ड हळूच मागे फिरवा. ढकलणं आणि फिरवणं एकाच वेळी, एका संथ हालचालीत व्हायला हवं.

5. आता तर्जनीच्या टोकाने वरचं छोटं टोक कानाच्या घडीखाली सारा. ते आत गेल्याचं बोटाला कळतं.

6. मोल्डच्या मधोमध बोट ठेवून आत दाबा आणि दुसऱ्या हाताने कानाची पाळी खाली ओढून थोडी हलवा. अडकलेला मोल्ड या वेळी आपल्या जागी जातो. बसत नसेल तर तोंड मोठं उघडा, मिटा, पुन्हा दाबा.

7. मोल्डच्या कडेवरून बोट सगळीकडे फिरवा. कुठे कड उचललेली लागली, खाच लागली, तर मोल्ड बसलेला नाही. आरसा खोटी खात्री देतो, बोट देत नाही.

8. मोल्ड बसला की मगच मशीन उचलून कानामागे अडकवा. नळीला पीळ पडलेला नाही ना, ती कानासमोरून वर जाऊन सरळ मागे वळते ना, ते पाहा.

9. मशीन सुरू करा. मान हलवा, दोन घास चावल्यासारखा जबडा हलवा, स्वतःशी काहीतरी बोला. शिट्टी आली तर पाचव्या पायरीवर परत जा.

शिट्टी का येते, हे समजून घेतलं की घाबरायला होत नाही. मशीनने मोठा केलेला आवाज कानात राहायला हवा. मोल्ड सैल बसला तर तो फटीतून बाहेर येतो, मायक्रोफोन तो पुन्हा पकडतो, पुन्हा मोठा करतो, आणि हे चक्र शिट्टी होऊन ऐकू येतं. याचा अर्थ मशीन जिवंत आहे आणि मोल्ड हलला आहे. नीट बसवूनही शिट्टी थांबत नसेल तर कानात मळ साचलेला असू शकतो, कारण मळावर आपटूनही आवाज मागे फिरतो. नळी कडक होऊन तडकलेली असू शकते. किंवा मोल्डच सैल झालेला असतो. आवाज कमी करून शिट्टी गप्प करणं हा उपाय नाही. शिट्टी गेली तरी मग ऐकूही येत नाही.

तिसऱ्या पायरीपाशी अनेकजण अडतात. खांदा आखडला असेल तर हात डोक्यावरून जात नाही. अशा वेळी कोपर टेबलावर टेकवा, मान विरुद्ध बाजूला कलवा, तोंड उघडं ठेवा आणि त्याच बाजूच्या हाताने मोल्ड सरकवा. संधिवाताने बोटं वाकली असतील तर मोल्ड बनवायला देतानाच तसं सांगा. सिलिकॉनचा मऊ मोल्ड कानाला सुखद असला तरी तो वाकतो, आणि कमजोर बोटांना कडक अ‍ॅक्रिलिकचा मोल्ड बसवायला सोपा जातो. हे दुकानात सहसा कोणी आपणहून सांगत नाही. मोल्ड फार कोरडा वाटून अडकत असेल तर पाण्यात विरघळणाऱ्या जेलचा एक अगदी पातळ हात बाहेरून द्या, छिद्राला न लागू देता. खोबरेल किंवा व्हॅसलीन नको.

चष्मा, बुगडी, पदर

कानामागच्या जागेत चष्म्याची काडी आणि मशीन दोघांना राहायचं असतं. काडी डोक्याला लागून आणि मशीन तिच्या बाहेरच्या बाजूला, असं बहुतेकांना सोयीचं पडतं. चष्मा काढताना दोन्ही हातांनी सरळ समोर ओढा. एका हाताने तिरका ओढला की मशीन त्याच्याबरोबर उडतं. मास्कचं इलॅस्टिकही असंच मशीन ओढून नेतं.

एका आजींना मशीन लावल्यापासून सतत खरखर ऐकू येत होती. मशीन दोनदा तपासून झालं होतं. त्यांना मान वळवायला सांगितलं आणि कानामागे पाहिलं, तर मोत्याच्या बुगडीची फिरकी मशीनच्या पाठीवर घासत होती. त्या जागी कातडीवर लाल ओरखडाही उठला होता. बुगडी काढायला त्या तयार नव्हत्या, आणि मलाही ते सांगावंसं वाटलं नाही. सोनाराकडून फिरकी चपटी करून आणली आणि खरखर गेली. वेलाची साखळी, डोक्यावरचा पदर, अंबाड्यातल्या गजऱ्याचा दोरा, कानटोपी, फेटा यांतलं काहीही मायक्रोफोनवर घासलं किंवा त्याला झाकलं तर हेच होतं. म्हणून मशीन घातल्यावर आपल्या नेहमीच्या वेशात पाच मिनिटं घरात वावरून पाहा.

तारेचं आणि कानातलं मशीन

तारेच्या मशीनला मोल्डऐवजी बहुधा सिलिकॉनचा मऊ डोम असतो, आणि इथे क्रम उलटा आहे. आधी मशीन कानामागे अडकवा. मग तार जिथे वळते तिथे धरून डोम कानात सरकवा, जोवर तार गालाच्या बाजूला चपटी लागत नाही. तार कमानीसारखी बाहेर दिसत असेल तर डोम पुरेसा आत नाही. तारेला शेपटीसारखा एक बारीक दोरा असेल तर तो कानाच्या खोलगट भागात खाली अडकवा, डोम मग बाहेर सरकत नाही. काढल्यावर डोम तारेच्या टोकाला आहे ना, हे दर वेळी बघा. तो कानातच राहिला असेल तर चिमटा घालू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

पूर्ण कानात बसणारं मशीन घालताना बाहेर काढायचा छोटा दोरा खालच्या बाजूला ठेवायचा आणि काढताना तोच धरायचा.

दुखलं तर

पहिले काही दिवस कान भरल्यासारखा वाटतो आणि स्वतःचा आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमतो. मोल्डने कान बंद झाल्यामुळे हाडांतून आलेला आपलाच आवाज आत कोंडतो, त्याचा हा परिणाम. मोल्डला हवेचं छिद्र पाडून किंवा ते मोठं करून तो कमी करता येतो, मात्र ऐकू येणं किती कमी झालं आहे यावर ते छिद्र किती मोठं चालेल हे ठरतं. त्यामुळे हे काम ऑडिओलॉजिस्टचंच. मोल्ड घालताना खोकला आला तरी घाबरू नका. कानाच्या नळीत घशाशी संबंध असलेल्या मज्जातंतूची एक शाखा असते, काहींना तिथे स्पर्श झाला की खोकला येतो.

दुखणं मात्र ‘होईल सवय’ म्हणून सोसायचं नाही. कान लाल झाला, एखाद्या जागी हात लावू देत नाही, कातडी सोलली, तर मशीन काढून ठेवा आणि दुखरी जागा नेमकी कोणती ते बोटाने दाखवा. अ‍ॅक्रिलिकचा मोल्ड तेवढ्याच जागी घासून देता येतो, पाच-दहा मिनिटांचं काम असतं. घरी पॉलिश पेपरने घासू नका. चुकीच्या जागी घासलं की फट पडते आणि शिट्टी कायमची मागे लागते. कानातून पू किंवा पाणी आलं तर मोल्ड घालायचा नाही, आधी डॉक्टर.

सुरुवात घरातल्या शांत खोलीत, समोर एकच माणूस असताना करा. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, मग हळूहळू वाढवा. नवं मशीन पहिल्यांदा लग्नाच्या हॉलमध्ये घालून नेणं म्हणजे त्याच्याशी कायमचं वैर घेणं.

काढताना आणि ठेवताना

आधी मशीन कानामागून उचला. मग मोल्ड अंगठा-तर्जनीत धरून वरचं टोक घडीतून सोडवा, पुढे फिरवा आणि बाहेर काढा. नळी धरून ओढू नका. रात्री सेलचा कप्पा उघडा ठेवा. सेल वाचतो आणि आतली दमट हवाही निघून जाते.

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हा दमटपणाच मशीनचा खरा शत्रू आहे. झाकण घट्ट बसणारी बरणी घ्या, तिच्यात सिलिका जेल ठेवा आणि सेल काढून मशीन रात्रभर तिच्यात ठेवा. निळं जेल गुलाबी पडलं की त्याचं काम संपलं, बदला. नळीत पाण्याचे थेंब दिसले तर मोल्ड मशीनपासून सुटा करून रबरी फुग्याने हवा मारा. मोल्ड सुटा असतानाच तो कोमट साबणाच्या पाण्याने धुता येतो. पुन्हा जोडण्याआधी पूर्ण कोरडा व्हायला हवा. मशीनला आणि तारेच्या डोममधल्या स्पीकरला मात्र पाणी लावायचं नाही.

कानात कोमट तेल घालायची सवय आपल्या घरांत जुनी आहे. मशीन लावणाऱ्याने ती सोडायलाच हवी. तेल आवाजाचं छिद्र बंद करतं, मळ चिकटवून ठेवतं, आणि पडद्याला भोक असेल तर आत जाऊन जंतुसंसर्ग वाढवतं. केसांना तेल लावणं, पावडर, अंघोळ हे सगळं आधी उरकून मशीन शेवटी घाला.

सरकारी योजनेतून किंवा शिबिरातून मशीन मिळालं असेल तर त्याच्याबरोबर बऱ्याचदा तयार मापाचं रबरी टोक येतं. केंद्राच्या 2017 च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतही श्रवणयंत्र आहे, आणि महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांपुढच्या पात्र ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकदा 3000 रुपये खात्यात मिळतात. मशीन कुठूनही मिळालेलं असो, स्वतःच्या कानाच्या मापाचा मोल्ड करून घ्या. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला असलेल्या, 1983 मध्ये सुरू झालेल्या अली यावर जंग वाक्-श्रवण संस्थेत आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागात त्याची चौकशी करता येते. माप घ्यायला जाताना कान आधी साफ करून घ्या, कवळी घालून जा, आणि मोल्ड हाती आला की तो तिथेच, त्यांच्यासमोर, स्वतःच्या हाताने तीनदा घालून आणि काढून दाखवल्याशिवाय उठू नका. मुलांचे कान वाढतात, त्यांचा मोल्ड काही महिन्यांतच लहान पडतो. मोठ्यांचाही काही वर्षांनी सैल होतो, विशेषतः वजन उतरलं की. तोपर्यंत नीट चालणारं मशीन अचानक रोज शिट्टी मारायला लागलं तर नवं मशीन बघायला जाण्याआधी नळी आणि मोल्ड बदलून पाहा.